वंश बुडाला म्हणे!

दिवाळी सरली आणि भाचा कागदांचा गठ्ठा घेऊन दारात उभा राहिला. "आत्या, कुलवृत्तांताची प्रुफं आलीत. तुझं शुद्धलेखन पक्कं. ऱ्हस्व-दीर्घ तेवढं बघ, बाकी मजकूर मंडळानं पास केलाय." म्हणजे मजकुराला हात लावू नकोस. मला त्याची सवय आहे. मी आयुष्यभर रशियनमधून भाषांतरं केली. यंत्रांची माहितीपुस्तकं, करारमदार, कधी पाहुण्या इंजिनियरांच्या मागे दुभाषी म्हणून हिंडणं. दुसऱ्याचं म्हणणं आपलं नसताना नीट मांडायचं, हाच धंदा.

पान १८७ वर मी मला सापडले. 'कन्या' या सदरात. नाव, लग्नाचं साल, सासरचं आडनाव, पूर्णविराम. माझी दोन्ही मुलं त्या पूर्णविरामात राहतात. त्याच पानावर माझ्या थोरल्या काकांच्या नावापुढे कंसात लिहिलंय, 'वंश खुंटला'. काकांना तीन मुली आणि सहा नातवंडं. त्या मुलींतली मधली परवाच मला फोनवर लोणच्यात मोहरी किती घालायची ते सांगत होती. खुंटलेल्या वंशाच्या मानानं आवाज खणखणीत होता.

रशियन वंशावळींत यासाठी एक शब्द आहे, 'प्रेस्योक्स्या'. घराणं तोडलं गेलं, त्यावर आडवा घाव पडला. गुन्हा रोखला, अफवा मोडून काढली, तिथेही हेच क्रियापद वापरतात. हा शब्द मला कायमचा चिकटला तो ओदोयेव्स्की घराण्यामुळे. १८६९ साली मॉस्कोत प्रिन्स व्लादिमीर फ्योदोरोविच ओदोयेव्स्की वारला, त्याला मूल नव्हतं, आणि सहाशे वर्षं मागे जाणारी राजकुळाची रेघ तिथे संपली, असं सगळे संदर्भग्रंथ सांगतात. माझा या माणसाशी संबंध बराच जुना आहे. रशियनच्या दुसऱ्या वर्षाला आम्हाला त्याची लहान मुलांसाठी लिहिलेली एक गोष्ट होती, १८३४ सालची, 'तपकिरीच्या डबीतलं गाव'.

माझ्या आजोबांची तपकिरीची डबी पितळी होती आणि तिचं झाकण उघडलं की घरातल्या सगळ्यांना शिंका यायच्या. मिशा नावाच्या मुलाच्या वडिलांची डबी मात्र वाजते. झाकणावर गाव रंगवलेलं, आतून सूर. मिशा त्या गावात शिरतो. तिथं घंटा असतात, म्हणजे सोनेरी डोक्याची आणि खाली पोलादी झगा घातलेली पोरं. त्यांना दिवसभर काम नाही, पण हातोडेवाले येऊन त्यांना टोले मारतात. मिशा हातोड्यांना विचारतो, बिचाऱ्यांना का मारता? ते म्हणतात, आम्ही काय करणार, मुकादमाचा हुकूम. मुकादम म्हणजे दट्ट्यांचा रूळ, अंगात झगा घालून कोचावर लोळत पडलेला. कुशी बदलेल तसे त्याचे खिळे हातोड्यांना अडकतात आणि सोडतात. तो स्वतःला मोठा कनवाळू समजतो, मी कुणाला कुठे मारतो, म्हणतो. आणि त्याच्याही मागे सोन्याच्या तंबूत राजकन्या स्प्रिंग बसलेली, तिच्या धक्क्यावर रूळ फिरतो. मिशा तिला बोटानं दाबून पाहतो. ती तुटते आणि सगळं गाव गप्प होतं.

आमच्या बाई ही गोष्ट क्रियापदांच्या सरावासाठी शिकवायच्या. मला कितीतरी वर्षांनी लक्षात आलं की ही गोष्ट लिहिणारा माणूस स्वतः त्या सोनेरी तंबूतल्या घराण्यातला होता.

घराणं कुठलं, तर रूरिकचं, म्हणजे रशियाच्या पहिल्या राजकुळाचं. रोमानोव्ह नंतरचे, रूरिक त्यांच्या कितीतरी आधीचा. त्याच्याच वंशातला चेर्निगोवचा राजा मिखाईल १२४६ साली मंगोल बातू खानाच्या छावणीत गेला, तिथल्या मूर्तीपुढे मान तुकवायला त्यानं नकार दिला आणि मारला गेला. रशियन चर्चनं त्याला संत केलं. त्याच्या वंशातला रोमान नावाचा राजा तातारांनी नोवोसिल उद्ध्वस्त केल्यावर चौदाव्या शतकात ओदोयेवला येऊन राहिला. तूला शहराच्या बाजूला, उपा नदीच्या काठावरचं हे गाव. त्या गावावरून आडनाव पडलं. एका बाजूला लिथुआनिया, दुसऱ्या बाजूला मॉस्को, दक्षिणेकडून तातार. असल्या जागी राहणाऱ्या छोट्या राजानं जे करायचं ते यांनी केलं, कधी इकडे खंडणी, कधी तिकडे शपथ. पंधरावं शतक संपता संपता घराणं मॉस्कोच्या पदरी पडलं, आणि राजाचे दरबारी झाले.

दरबारी झाल्यावर खरी गंमत सुरू होते. मॉस्कोच्या दरबारात 'मेस्तनिचेस्त्वो' नावाची एक पद्धत होती. 'मेस्तो' म्हणजे जागा. मानपानाची पंगत समजा. कोण कुणाच्या वर बसणार, मोहिमेवर कोण कुणाच्या हाताखाली जाणार, हे माणसाच्या वकुबावर ठरत नसे. त्याचा आजा आणि समोरच्याचा आजा कुठल्या मोहिमेत कुठल्या पदावर होते, याच्या वह्या काढून ठरत असे. एकदा खालची जागा मुकाट्यानं घेतली की आपल्या नातवंडा-पतवंडांची पत उतरली. म्हणून लोक भर मेजवानीत जागेवर बसायलाच नकार देत, धरून बसवलं तर सरकत टेबलाखाली जात. दावा हरणाऱ्याला जिंकणाऱ्याच्या वाड्यात पायी नेऊन अंगणात उभं करत, तो वरून हव्या तेवढ्या शिव्या देई. आपल्याकडे लग्नात पहिला टिळा कुणाला यावरून पिढ्यांचा अबोला धरणाऱ्या मंडळींना हे परकं वाटायचं कारण नाही. शेवटी १६८२ साली झार फ्योदोरनं ही पद्धत मोडली आणि मानाच्या भांडणांच्या त्या वह्या राजवाड्याच्या देवडीतल्या भट्टीत घातल्या. पण खानदानी मंडळी ती, वह्या जळल्या म्हणून थोडीच ऐकतात? लगोलग घराण्यांच्या वंशावळी नव्यानं गोळा करून एक ग्रंथ केला. त्याला लाल मखमलीची बांधणी, म्हणून नावच 'मखमली पोथी'.

या घराण्यातला सगळ्यात वजनदार माणूस निकिता इवानोविच ओदोयेव्स्की. १६८९ साली वारला, चार झारांची नोकरी करून. तो काझानचा सुभेदार असताना इकडे त्याचा तरुण मुलगा मिखाईल अचानक गेला, तेव्हा झार अलेक्सेयनं स्वतः त्याला सांत्वनाचं लांबलचक पत्र लिहिलं, रड पण फार रडू नकोस अशा अर्थाचं. रशियन इतिहासात ते पत्र फार गाजलेलं आहे. मला मात्र निकिता आठवतो तो दुसऱ्याच कागदासाठी.

१६४८ च्या जूनमध्ये मॉस्कोत दंगल उसळली. मिठावरचा कर, अधिकाऱ्यांची लूट, लोकांनी वाडे जाळले. घाबरलेल्या झारनं राज्याचे सगळे कायदे एकत्र करायला जुलैत पाच जणांची समिती नेमली, प्रमुख निकिता ओदोयेव्स्की. आमच्या समित्यांना असा वेग असता तर! पुढच्या वर्षी, १६४९ मध्ये, संहिता तयार झाली: पंचवीस प्रकरणं, ९६७ कलमं. पट्ट्यांना पट्ट्या चिकटवून केलेली मूळ गुंडाळी जवळजवळ तीनशे मीटर लांब आहे. मॉस्कोच्या अभिलेखागारात ती जपून ठेवली आहे. तिचं अकरावं प्रकरण शेतकऱ्यांविषयी. तोवर जमीनदाराकडून पळालेल्या शेतकऱ्याला शोधून परत आणायला मुदत असे. आधी पाच वर्षं, मग दहा. ती मुदत सरली की पळालेला माणूस सुटला. निकिताच्या संहितेनं ती मुदत रद्द केली. आता पळालेला कधीही सापडो, दहा वर्षांनी की चाळीस वर्षांनी, तो बायको-मुलांसह, गुराढोरांसह जुन्या मालकाकडे परत. मालकाच्या नावाशी माणूस पिढ्यानपिढ्या बांधला गेला. रशियात भूदासगिरी पूर्ण कायदेशीर झाली ती अशी, आणि पुढची दोनशे बारा वर्षं टिकली.

इथे थांबून एक गोष्ट बघण्यासारखी आहे. त्या संहितेत शेतकऱ्यांचीही एक प्रकारची वंशावळ आहे. खानेसुमारीच्या वहीत ज्याचं नाव, त्याची मुलं, भाऊ, पुतणे सगळे त्या मालकाचे. एकाच देशात दोन तऱ्हेच्या वंशावळी चालू होत्या. एकीत नाव आलं की माणूस वर बसायचा, दुसरीत आलं की खुंट्याला बांधला जायचा.

मधल्या शंभर-सव्वाशे वर्षांत घराण्यात विशेष काही घडत नाही. झार पीटरच्या काळात जुनी घराणी मागे पडली, नवे लोक वर आले, ओदोयेव्स्की सरकारी नोकऱ्यांत आणि कर्जात शिरले. मग एकोणिसाव्या शतकात, घराणं संपता संपता, दोन चुलत भाऊ निघाले.

थोरला अलेक्सांद्र, १८०२ चा, घोडदळातला अधिकारी आणि कवी. डिसेंबर १८२५ मध्ये सिनेट चौकात झारविरुद्ध उभ्या राहिलेल्यांत तो होता. शिक्षा सक्तमजुरी, सायबेरिया. तिथल्या कैद्यांना पुश्किननं कवितेतून निरोप पाठवला, त्याला कैद्यांकडून उत्तर लिहिलं ते अलेक्सांद्रनं. त्यातल्या ठिणगीच्या ओळीवरून १९०० साली लेनिननं आपल्या वर्तमानपत्राला 'इस्क्रा', म्हणजे ठिणगी, हे नाव दिलं. राजकुळातल्या कवीची ओळ क्रांतिकारकांच्या मथळ्याखाली! १८३७ मध्ये त्याला साधा शिपाई करून कॉकेशसच्या लढाईत धाडलं, तिथे कवी लेर्मोंतोव्ह त्याचा मित्र झाला, आणि १८३९ च्या ऑगस्टमध्ये काळ्या समुद्राच्या काठावरच्या एका ठाण्यात तापानं तो गेला. लग्न नाही, मूल नाही. लेर्मोंतोव्हनं त्याच्यावर कविता लिहिली. वंशावळीत नुसता क्रॉस.

धाकटा आपला व्लादिमीर. बंड फसल्याची बातमी मॉस्कोला आली तेव्हा तो बाविशीच्या आतबाहेर, तत्त्वज्ञानाची चर्चा करणाऱ्या पोरांच्या एका गुप्त मंडळाचा अध्यक्ष. त्यानं मंडळातल्या सगळ्यांना बोलावलं आणि त्यांच्यासमोर मंडळाची नियमावली आणि इतिवृत्तं शेकोटीत घातली. या घराण्याचं आणि जळक्या कागदांचं काय नातं आहे कोण जाणे.

पुढे त्याला काय येत नव्हतं ते सांगा. पीटर्सबर्गच्या त्याच्या बैठकीत पुश्किन येई, गोगोल येई, संगीतकार ग्लिंका येई. 'रशियन रात्री' हे त्याचं पुस्तक १८४४ चं. पुश्किन गेल्यावर वर्तमानपत्रातली ती चार ओळींची प्रसिद्ध मृत्युवार्ता त्याच्याच हातची. '४३३८ वे वर्ष' या अपुऱ्या कादंबरीत तो एका चिनी विद्यार्थ्याच्या पत्रांतून भविष्यातला रशिया दाखवतो. तिथं घरोघर आपापलं छोटं वृत्तपत्र निघतं आणि त्यात यजमानांची तब्येत, घरातल्या बातम्या आणि जेवणाचे बेत ओळखीपाळखीच्यांना कळवले जातात. आमच्या घराण्याचा व्हॉट्सॲप ग्रुप! स्वयंपाकावर त्यानं 'डॉक्टर पूफ' या टोपणनावानं व्याख्यानमाला लिहिली, आणि रसायनशास्त्राच्या चौकस बुद्धीनं स्वतः रश्श्यांचे प्रयोग केले. ते पाहुण्यांना खावे लागत. १८४६ पासून नऊ वर्षं त्यानं गरिबांच्या घरी जाऊन विचारपूस करून मदत देणारी संस्था चालवली. आणि १८६४ मध्ये मॉस्कोत एक वेगळाच पियानो बनवून घेतला, एका सप्तकात बारा नव्हे तर एकोणीस पट्ट्यांचा. कारण रशियन लोकगीतांचे आणि चर्चमधल्या गायनाचे स्वर साध्या पियानोच्या पट्ट्यांत बसत नाहीत, असं त्याचं म्हणणं होतं. हार्मोनियमवर श्रुती सापडत नाहीत म्हणून आपल्याकडे पिढ्यांनी डोकं आपटलं आहे, त्यांना हा माणूस लगेच कळेल.

या माणसाची आई कोण? येकातेरिना अलेक्सेयेव्ना फिलिप्पोवा. भूदास घरातली होती, असंच त्याच्याविषयी लिहिणारे बहुतेक जण सांगत आले. तिचा बाप कोण, आजा कोण, कुठल्या वहीत नाव होतं, ते राजघराण्याच्या तक्त्यात नाही. मुलगा चार-पाच वर्षांचा असताना १८०८ मध्ये नवरा गेला, तिनं पुढे दुसरं लग्न केलं, आणि मुलगा वडिलांकडच्या पालकांच्या ताब्यात वाढला. तक्त्यात ती एका ओळीत येते आणि जाते. रूरिकच्या हयात वंशजांत ज्याची शाखा सर्वांत थोरली मानली जाई, त्याची निम्मी वंशावळ अशी कोरी आहे. आणि उरलेलं निम्मं? तिथे निकिता बसलेला आहे, अकरावं प्रकरण मांडीवर घेऊन.

व्लादिमीरला हे सगळं ठाऊक होतं. १८६१ च्या १९ फेब्रुवारीला भूदास मुक्त झाले, तो दिवस त्यानं पुढे दरवर्षी मित्रांना जमवून साजरा केला. १८६५ मध्ये मॉस्कोच्या सरदारांनी झारकडे आपल्या वर्गासाठी वाढीव अधिकार मागितले, तेव्हा त्यानं त्याविरुद्ध निषेधाचा मसुदा लिहिला: वेगळे हक्क नकोत, कायदा सगळ्यांना सारखा हवा. जातभाईंनी त्याला फितूर ठरवलं. सर्वांत जुन्या सरदारानं सरदारकीला विरोध केला, हे कुणाला कसं सहन होणार? म्हातारा झालेला मिशा राजकन्या स्प्रिंगला पुन्हा बोटानं दाबून पाहत होता, असं आपलं मला वाटतं.

तो गेल्यावर दोन्स्कोय मठात पुरला. पुस्तकं रुम्यान्त्सेव्ह संग्रहालयाला गेली, संगीताचा संग्रह मॉस्कोच्या नव्या संगीत विद्यालयाला. आणि १८७८ मध्ये एक मजेदार गोष्ट झाली. झारच्या हुकमानं मास्लोव आडनावाच्या एका घोडदळ अधिकाऱ्याला ओदोयेव्स्कींचं नाव आणि प्रिन्स ही पदवी जोडून दिली. तो झाला प्रिन्स ओदोयेव्स्की-मास्लोव. ही काही नवी युक्ती नव्हती. १८०१ मध्ये शेवटचा प्रिन्स रेपनीन गेला, त्याला मुलीच होत्या, तेव्हा झारनं त्याच्या मुलीच्या मुलाला, निकोलाय वोल्कोन्स्कीला, रेपनीन-वोल्कोन्स्की करून टाकलं. लेकीच्या पोटातला नातू चालला की! नाव बुडतं असं दिसलं की मुलीची बाजूही रक्ताची असते, हे झारला आठवलं. आपल्याकडे याच्या उलट झालं. साताऱ्यात १८४८ साली दत्तक घेतलेला वारस डोळ्यांसमोर बसलेला असताना कंपनीनं गादी बेवारस ठरवली. दोन्हीकडे वंश संपला की नाही ते कचेरीत ठरलं.

म्हणून 'वंश बुडाला' हे वाक्य ऐकलं की मी आता विचारते, कुणाच्या वहीप्रमाणे? ओदोयेव्स्कींचा वंश बुडाला म्हणजे ओदोयेव्स्की आडनाव लावणारा पुरुष उरला नाही, एवढंच. शतकानुशतकं त्या घरातून ज्या मुली दुसऱ्या घरात गेल्या, त्यांच्या पोटच्या पोरांना कुणी पुसून टाकलं नव्हतं. रशियात आज फिरताना रस्त्यात, भाजीच्या रांगेत, ट्राममध्ये निकिताचं रक्त आपल्या शेजारी उभं असेल, आणि त्याच्या शेजारी त्याच्या संहितेनं बांधलेल्यांचं. कदाचित दोन्ही एकाच माणसात. व्लादिमीरमध्ये होतं, असं म्हणतातच.

माझ्या टेबलावर मातीची एक शिट्टी आहे, लांब मानेची गाय, अंगावर लाल, पिवळे, हिरवे पट्टे. मॉस्कोच्या बाजारातून आणलेली. फिलिमोनोवो गावची. हे गाव ओदोयेव तालुक्यातलं, म्हणजे ज्या गावानं राजांना आडनाव दिलं त्याच्या अगदी शेजारचं. तिथली माती चिकट, वाळताना तडकते; बायका ओल्या बोटांनी तड बुजवत वर वर ओढत जातात, म्हणून तिथल्या सगळ्या जनावरांच्या माना लांब होतात. आईनं मुलीला, मुलीनं तिच्या मुलीला शिकवत हा धंदा आजवर आला. यांची मखमली पोथी नाही. शिट्टी मात्र अजून वाजते.

भाच्याला मी फोन केला. म्हटलं, मुलींच्या मुलांची नावं घालू या, मी स्वतः जमवून देते. तो बिचारा अडचणीत सापडला. "आत्या, पानं दीडपट होतील गं. कागदाचा भाव माहितीय ना? आणि मग ते घराणं कुठलं राहिलं, सगळा महाराष्ट्रच येईल त्यात." हे शेवटचं वाक्य त्यानं तक्रार म्हणून म्हटलं. मला ते फार आवडलं. शिवाय बऱ्याच घराण्यांनी आपल्या नव्या आवृत्त्यांत मुलींच्या शाखा घातल्याही आहेत, आकाश कोसळलेलं नाही. 'वंश खुंटला' हे शब्द तरी काढा, 'पुत्रसंतती नाही' असं लिहा, एवढी तरी दुरुस्ती करा, असं मी मंडळाला पत्रात कळवलं. ती शुद्धलेखनाचीच चूक आहे, असंही लिहिलं.

मग म्हटलं, आपण निदान आपल्या फांदीपुरतं तरी पूर्ण करावं. पेन्सिल घेऊन बसले. आत्यांची मुलं, मावसबहिणींची आडनावं, फोनवर फोन. मुलींकडून खाली उतरणं सोपं निघालं. सुनांकडून वर चढायला गेले आणि अडकले. पान ४२, माझी पणजी. नोंद आहे, 'पत्नी लक्ष्मीबाई'. हे सासरचं नाव, लग्नात तांदळात लिहून ठेवलेलं. माहेरचं नाव काय? माहेरचं आडनाव? कुठलं गाव? नव्वदी ओलांडलेल्या आत्याला विचारलं. ती बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "कोकणातली होती, एवढं ऐकलंय. गोरी होती. शेंगदाण्याची आमटी कधी केली नाही म्हणायचे, तिच्याकडे नारळ."

नोंदीपुढे समासात मी पेन्सिलीनं एक आडवी रेघ ओढून जागा सोडली आहे. भाचा रविवारी गठ्ठा न्यायला येतोय.